पद्मिनीचा लाल दिवा मंद पेटतो आणि गरम झाल्यावर गाडी बंद पडते: अल्टरनेटर टाकण्याआधी काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, मूळचा लुकास-टीव्हीएसचा डायनामो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) अजून जागेवर. गाडी चालू असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पूर्ण विझत नाही, मंद पेटलेला राहतो आणि वायपर लावला की थोडा वाढतो. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन. शिवाय वीस-पंचवीस मिनिटं चालवली की मिसिंग (इंजिन अडखळणं) सुरू होतं, सिग्नलला इंजिन बंद पडतं आणि अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतं. बॅटरी, आणि स्पार्क बनवणारे कॉइल, कंडेन्सर, सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), प्लग सगळं नवं घालून झालंय. आता गॅरेजमधून सल्ला मिळालाय की डायनामो काढा आणि अल्टरनेटर (नव्या पद्धतीचं जनित्र) टाका. टाकावा का?

इतक्यात नको. नव्या पाच वस्तू घालूनही दुखणं जागच्या जागी आहे, याचा अर्थ ते वस्तूंमध्ये नसून वस्तू जोडणाऱ्या वाटेत असण्याची शक्यता मोठी आहे. सहावी वस्तू घातल्याने वाट सुधारत नाही. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा धागा आहे तो ‘वायपर लावला की दिवा वाढतो’ हा. बहुतेकांनी तो लिहिलाही नसता.

एक गोष्ट आधीच सांगतो. तीन तक्रारींचं मूळ एकच असेल असं नाही. बॅटरी उतरणं वेगळं आणि मिसिंग वेगळं असूही शकतं. पंचेचाळीसहून जास्त वर्षांत किती जणांनी वायरिंगमध्ये हात घातलाय, स्टिरिओ आणि जादा हॉर्न कुठून उचललेत, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो अंदाज बांधायचा नसून मोजायचा आहे.

आधी तो लाल दिवा समजून घ्या, कारण गाडीत फुकट बसवलेला मीटर आहे तो. डायनामोच्या गाडीत या दिव्याचं एक टोक चावीच्या स्विचला आणि दुसरं डायनामोच्या डी टर्मिनलला जातं. दिवा म्हणजे या दोन टोकांमधला फरक. चावी फिरवली, इंजिन बंद: एका टोकाला १२ व्होल्ट, दुसऱ्याला शून्य, दिवा लख्ख. इंजिन वेगात आलं, डायनामोने व्होल्टेज बनवलं, कटआऊट (डायनामोला बॅटरीशी आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) जुळला: दोन्ही टोकांना साधारण सारखंच व्होल्टेज, दिवा विझला. तो मंद पेटलाय याचा अर्थ दोन टोकांमध्ये एक-दीड व्होल्टचा किंवा जास्त फरक राहिलाय. कोणतं टोक कमी आहे ते मात्र दिवा सांगत नाही. डायनामोचं टोक कमी असलं तरी पेटेल आणि चावीचं टोक कमी असलं तरी पेटेल. गॅरेजमध्ये सगळे पहिलीच शक्यता धरतात आणि डायनामो उतरवतात.

दिव्याच्या वागण्यावरून बाजू ओळखता येते. रेस कितीही दिली तरी दिवा लख्खच राहिला, तर डायनामो काहीच देत नाहीये किंवा बेल्ट तुटलाय. रेस वाढवली की मंद होत होत विझला, तर डायनामो अशक्त आहे किंवा बेल्ट ढिला आहे. रेस वाढवली की उलट प्रखर होत गेला, तर डायनामो जोरात चाललाय पण कटआऊटचे पॉइंट जळल्यामुळे ते व्होल्टेज बॅटरीपर्यंत पोचत नाही; डी वर १५-१६ आणि बॅटरीवर १२ असा प्रकार. आणि रेसने फारसा फरक पडत नाही, पण चावीतून करंट घेणारं काही, म्हणजे वायपर, इंडिकेटर, पंखा, चालू केलं की दिवा वाढतो, तर चावीकडचं टोक खाली गेलंय. बॅटरीपासून चावीच्या स्विचमधून पुढे जाणाऱ्या वाटेत कुठेतरी व्होल्टेज गळतंय. तुमचं वर्णन या शेवटच्या प्रकाराशी जुळतं. (आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, दिवा लुकलुकणं हा दोष नाही. डायनामो आयडलला चार्ज करतच नाही, तेवढं गृहीतच आहे.)

आता मिसिंगकडे या. चावीच्या स्विचमधून जी वायर या दिव्याला जाते, त्याच टोकावरून कॉइललाही सप्लाय जातो. दिव्याला दीड व्होल्ट कमी मिळत असतील तर कॉइललाही कमीच मिळतायत. याचा परिणाम थंड गाडीत दिसत नाही आणि गरम गाडीत दिसतो, त्यामागे साधं गणित आहे. बॅलास्ट (कॉइलच्या आधी लावलेला जादा रेझिस्टर) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या प्रायमरीचा (बॅटरीचा करंट घेणाऱ्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स थंड असताना सुमारे ३ ओहम असतो. सिग्नलला डायनामो झोपलेला, म्हणजे बॅटरीचेच १२ व्होल्ट: १२ भागिले ३, चार अँपिअर. वाटेत दीड व्होल्ट गळले तर १०.५ भागिले ३, साडेतीन. चालून जातं. पण कॉइल ५० अंशांनी तापली की तांब्याचा रेझिस्टन्स जवळपास २० टक्के वाढतो, ३ चे ३.६ होतात. १०.५ भागिले ३.६ म्हणजे २.९ अँपिअर. स्पार्कची ऊर्जा करंटच्या वर्गावर जाते, म्हणून ही ऊर्जा मूळच्या निम्म्यावर आली. त्यात गळती करणारा जोड स्वतःही तापून आणखी बिघडतो. अर्धा तास थांबलात, सगळं निवलं, गाडी सुरू. नवी कॉइल घालूनही हे गणित बदलत नाही.

कॉइलवरून एक तपासणी करून टाका. नवी कॉइल कुठली घातलीय? बाजारात बॅलास्ट रेझिस्टरसोबत वापरायच्या दीड ओहमच्या कॉइलही तशाच डब्यात मिळतात. तुमच्या गाडीत बॅलास्ट नसेल आणि अशी कॉइल बसली असेल तर पॉइंट बंद असताना आठ अँपिअर वाहतात, कॉइल हात लावू देत नाही आणि पॉइंट काही आठवड्यांत जळतात. दोन्ही वायरी काढून प्रायमरीवर मीटर लावा. तीनच्या आसपास आकडा आला तर बरोबर.

मोजायला लागणारं सामान थोडंच आहे: एक मल्टिमीटर, साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प (एलईडीचा नको, तो नुसत्या व्होल्टेजच्या वासानेही पेटतो), फिलर गेज, आणि दोन्ही टोकांना क्रॉकोडाइल क्लिप असलेली दोन मीटर वायर, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घातलेली. डायनामोसाठी जुना काट्याचा मीटर मिळाला तर उत्तमच. डिजिटल मीटर इग्निशनच्या गोंगाटात वाटेल ते आकडे दाखवतो. बॅटरीवर काम करताना मनगटातलं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढा. ही गाडी निगेटिव्ह अर्थची (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेली) आहे, म्हणून टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना शेवटी.

सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकाम्या बॅटरीवर पुढची कोणतीही तपासणी करू नका, बाहेरून चार्ज करून घ्या. सेल्फ मारताना बॅटरीवरचं व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी नवी असली तरी संशय घ्या. मग अर्थची (बॉडीतून परतीच्या वाटेची) तपासणी: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्याच्या वर गेलं तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी काढा, दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज पत्रा चमकेपर्यंत खरवडा, बोल्ट घट्ट करा, वरून ग्रीस लावा. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा बॉडीशी विजेचा संबंध या पट्टीपुरताच. ती सैल असली की सेल्फचा करंट चोक केबल आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो. चोकची केबल गरम लागली तर याचा पुरावा मिळाला समजा.

आता मुख्य मोजणी. इथे घाई करू नका, सगळं उत्तर बहुधा इथेच आहे. डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची, प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या डब्याची) कॅप काढून इंजिन अशा जागी आणा की सीबी पॉइंट बंद असतील. चावी ऑन करा, इंजिन बंदच. मीटर २० व्होल्टच्या रेंजवर. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, काळी पिन कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलवर. मीटर जो आकडा दाखवेल तो बॅटरीपासून कॉइलपर्यंत गळालेलं व्होल्टेज. ०.३ च्या आत असेल तर वाट उत्तम, ०.५ पर्यंत चालेल. एकच्या पुढे असेल तर चोर सापडायला सुरुवात झाली. लाल पिन तिथेच ठेवा आणि काळी पिन एकेक मुक्काम मागे नेत जा: चावीच्या स्विचमधून बाहेर पडणारं टर्मिनल, स्विचमध्ये येणारं टर्मिनल, कटआऊटवरचं ए टर्मिनल, सेल्फवरचा जाड स्टड. समजा कॉइलवर १.४, स्विचच्या बाहेरच्या टर्मिनलवर १.३, आतल्या टर्मिनलवर ०.२ आला. मग १.१ व्होल्ट स्विचच्या पोटातच जातायत. दोन मुक्कामांमध्ये आकडा जिथे उडी मारतो, दोष तिथेच. मोजताना चावी हलकेच डावी-उजवीकडे हलवा. आकडा नाचला तर स्विचचे आतले कॉन्टॅक्ट झिजलेत. मोजणी पाच मिनिटांत उरका, कारण पॉइंट बंद आणि चावी ऑन असताना कॉइल तापत राहते.

स्विचच्या मागे पाहाल तेव्हा काय दिसतं ते ध्यानात ठेवा. दोषी टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक चॉकलेटी पडलेलं असतं. थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोक) वायरवर घट्ट दिसतं, पण वायर ओढली की इन्सुलेशनसकट अलगद बाहेर येते, कारण आतल्या तारांच्या हिरव्या भुकटीखेरीज काही उरलेलं नसतं. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांत तर ही हिरवट काजळी वायरच्या आत तीन-चार इंचांपर्यंत चढते. तिथे नुसतं नवं थिंबल दाबून उपयोग नाही, तांबडं, चमकतं तांबं लागेपर्यंत वायर मागे कापावी लागते. फ्यूज बॉक्सही पाहा. चिनीमातीच्या अंगाचे टोकदार फ्यूज पितळी पानांत नुसते दाबून बसतात. पानं ढिली पडली की फ्यूज न उडताही सप्लाय गळतो. फ्यूज दोन बोटांत धरून गोल फिरवा, आणि मागचा दिवा किंवा पेट्रोलचा काटा जिवंत झाला तर समजून जा. मूळ वायरिंगमध्ये इग्निशनला फ्यूज नाही, पण मधल्या काळात कोणी तो सप्लाय फ्यूजमधून फिरवून घेतलेला असू शकतो.

मोजण्याची सवय नसेल तर यापेक्षा सोपी परीक्षाही आहे. ती फ्यूजवाली क्लिपची वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलला लावा, पंख्यापासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब बांधा आणि गाडी तासभर चालवून या. मिसिंग झालं नाही तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट सगळे निर्दोष सुटले. फक्त लक्षात ठेवा, वायर लागलेली असताना चावी बंद करून इंजिन बंद होणार नाही. बॉनेट उघडून क्लिप काढावी लागेल, आणि काढायला विसरलात तर कॉइल जळेल.

वायर लावूनही मिसिंग होत असेल तर दोष डेल्कोत किंवा पुढे आहे, आणि तो गाडी बंद पडलेल्या क्षणीच शोधायचा. निवल्यावर सगळं ठीकच दिसतं. रस्त्याच्या कडेला घ्या, टेस्ट लॅम्पची क्लिप इंजिनच्या अर्थला लावा. टोक कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलवर: लख्ख पेटला पाहिजे. मग डेल्कोकडे जाणाऱ्या टर्मिनलवर टोक ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करतायत, प्रायमरी जिवंत आहे. पुढे किंग वायर (कॉइलपासून डेल्कोच्या कॅपपर्यंतची जाड वायर), रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा), कॅप बघा. लुकलुकत नाही, सतत पेटलेला आहे, तर पॉइंटमधून अर्थच मिळत नाही. आणि पहिल्या टर्मिनलवर पेटतो पण दुसऱ्यावर अजिबात पेटत नाही, तर एक तर कॉइल आतून तुटलीय किंवा डेल्कोच्या आत काहीतरी कायमचं अर्थला लागलंय. डेल्कोची वायर कॉइलवरून काढून पुन्हा बघा. आता पेटला तर कॉइल निर्दोष, दोष डेल्कोच्या आत.

त्या आत एक वस्तू हमखास दुर्लक्षित राहते. डेल्कोच्या अंगातल्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत बोटभर लांबीची मऊ वायर जाते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (टायमिंग पुढेमागे करणारी यंत्रणा) प्रत्येक वेळी बेस प्लेट, म्हणजे पॉइंट बसवलेली चकती, फिरवतो तेव्हा ही वायर वाकते, लाखो वेळा. इन्सुलेशन शाबूत राहतं आणि आतल्या तारा तुटत जातात. शेवटी दोन-चार केसांएवढ्या तारांवर काम चालतं: थंडीत जोडलेल्या, उष्णतेने सरकल्या की सुटलेल्या. डोळ्याला काही दिसत नाही. चिमट्याने वायर हलकेच ताणा. रबरासारखी लांबली तर आतून गेली. तिची जोडीदार म्हणजे बेस प्लेट आणि डेल्कोच्या अंगाला जोडणारी छोटी अर्थची वायर. नवे पॉइंट बसवताना ती स्क्रूखाली घ्यायची राहून जाते. मोजायचं असेल तर पॉइंट बंद, चावी ऑन, मीटर कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलपासून अर्थला: ०.२ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर पॉइंट, ही वायर किंवा बेस प्लेटचा अर्थ, तिघांपैकी कोणीतरी.

पॉइंटची गॅप लुकास-टीव्हीएसच्या डेल्कोला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. नवे पॉइंट पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये टाचेकडून झिजून बसतात आणि गॅप कमी होते. कमी गॅप म्हणजे पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) मागे जातं, म्हणजे इंजिन जास्त तापतं. म्हणून पाचशे किलोमीटरनंतर गॅप पुन्हा तपासा आणि गॅप हलवली की टायमिंगही. कॅमवर ग्रीसचा ठिपका मोहरीएवढा. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर येतं आणि निळसर जळतं. नवे पॉइंट कोऱ्या पेपरच्या तुकड्याने पुसून घ्या, कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं. शाफ्ट बोटांनी हलवून पाहा. खेळ जाणवला तर बुश गेलेत. मग गॅप कितीही नीट लावा, प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडणार.

कंडेन्सर नवा आहे म्हणून चांगला आहे असं धरू नका. सध्या मिळणारे पुष्कळ कंडेन्सर गरम झाले की दगा देतात, आणि जुना काढून टाकलेला चांगला निघण्याचे प्रसंग कमी नाहीत. क्षमता मोजणारा मीटर असेल तर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास यायला हवी, आणि हेअर ड्रायरने तापवल्यावरही तीच राहायला हवी. मीटर नसेल तर आतल्याची वायर सोडवा आणि खात्रीचा दुसरा कंडेन्सर बाहेरून लावा: वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला, अंग अर्थला.

रोटर तपासायची पद्धत जुनी आहे पण अचूक. कॅप काढा, रोटर जागेवर. किंग वायरचं टोक इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या मधल्या पितळेपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि चावी ऑन ठेवून पॉइंट लाकडी काडीने उघडझाप करा. रोटर चांगला असेल तर काही होत नाही. ठिणगी रोटरवर पडली तर प्लास्टिक आतून फुटलंय आणि वीज थेट शाफ्टमध्ये जातेय. कॅपमध्ये मधला कार्बन स्प्रिंगवर दबतो ना, आणि केसासारखी काळी रेघ आहे का, तेवढं उजेडात बघा. पावसाळ्यात सकाळी सुरू न होणारी गाडी बहुधा याच रेघेची असते.

सगळं तपासूनही बंद पडण्याच्या क्षणी स्पार्क ठणठणीत असेल तर विजेचा नाद सोडा. एअर फिल्टर उघडा, इंजिन बंद असताना थ्रॉटल झटक्यात उघडा. कार्ब्युरेटरच्या पंपातून पेट्रोलची पिचकारी आली नाही तर पेट्रोल पोचत नाहीये: गरम इंजिनवरचा पेट्रोल पंप आणि पाइप तापून वाफ धरणं हा उन्हाळ्यातला नेहमीचा प्रकार, लक्षणं हुबेहूब अशीच. ओलं फडकं पंपावर ठेवल्यावर गाडी सुरू झाली तर उत्तर मिळालं.

आता डायनामो. चावीची वाट दुरुस्त केल्यावरही दिवा मंद राहिला तरच इथे या. फॅन बेल्ट मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर १२ ते १५ मिलिमीटर दबायला हवा. डायनामोवर दोन टर्मिनल आहेत, जाड वायरचं डी आणि बारीक वायरचं एफ. दोन्ही वायरी काढून टोकं एकमेकांना किंवा बॉडीला लागणार नाहीत अशी बांधा. डी आणि एफ एका तारेने आपसात जोडा. मीटर त्या तारेपासून डायनामोच्या अंगाला. इंजिन सुरू करा, आयडलपासून हळूहळू वाढवा. व्होल्टेज न अडखळता चढत २० पर्यंत गेलं की थांबा, आणि त्या पुढे नेऊ नका. हजार आरपीएमच्या आसपास एवढं यायलाच हवं. आलं तर डायनामो ठीक, दोष कटआऊटमध्ये किंवा मधल्या वायरींत. अर्धा-एक व्होल्टवर अडकलं तर फील्ड कॉइल. चार-पाच व्होल्टवर अडकलं तर आर्मेचर. शून्य आलं तर आधी कार्बन ब्रश. ब्रश सात-आठ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील किंवा खोबणीत अडकत असतील तर बदला. कम्युटेटर पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या खाली ०.८ मिलिमीटर कोरलेला असावा. मागच्या बुशला तेलाचं छिद्र असतं. सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब, त्यापेक्षा जास्त नाही. डायनामो खोलला होता किंवा गाडी महिनोन्‌महिने उभी होती तर त्यातलं अवशिष्ट चुंबकत्व गेलेलं असू शकतं. एफ ची वायर काढून बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून आणलेली वायर एफ टर्मिनलला सेकंदभर टेकवा, तो पुन्हा जागा होतो. अल्टरनेटरवर हा प्रयोग चुकूनही करू नका.

कटआऊटचा डबा उघडलात तर स्क्रू फिरवू नका. मिस्त्री लोक पहिलं तेच करतात. पॉइंट साफ करणं पुरतं. यात एक बारकावा आहे: त्याच डब्यातल्या रेग्युलेटरच्या (व्होल्टेज आवरणाऱ्या भागाच्या) पॉइंटला कार्बोरंडमचा दगड किंवा सिलिकॉन कार्बाइडचा पेपर चालतो, पण कटआऊटचे पॉइंट मऊ असतात, त्यांना फक्त बारीक काचपेपर, मग स्पिरिटने पुसायचं. डब्याचा ई टर्मिनलचा अर्थ घट्ट आहे ना पाहा. तो सुटला तर व्होल्टेजला लगाम राहत नाही, बॅटरीचं पाणी उकळतं आणि बल्ब पटापट जातात. शेवटी बॅटरीवर, इंजिन मध्यम वेगात, १३.८ ते १४.५ व्होल्ट आले की चार्जिंगचा प्रश्न सुटला.

तीन-चार दिवसांत बॅटरी उतरण्याचा हिशेब वेगळा. सगळं बंद करून निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि मीटर अँपिअरच्या जागी लावून खुंटी आणि टर्मिनलच्या मध्ये जोडा. या गाडीत घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी सोडली तर काही वाहू नये, ०.०३ अँपिअर म्हणजे पुष्कळ. ०.२ आले तर दिवसाला जवळपास पाच अँपिअर-अवर, चार दिवसांत वीस; छोटी बॅटरी निम्म्याच्या वर रिकामी. फ्यूज एकेक काढत जा, आकडा पडला की तीच लाइन. बूटचा किंवा ग्लोव्ह बॉक्सचा दिवा आणि स्टिरिओची चुकीची जोडणी हे नेहमीचे आरोपी. निगेटिव्ह लावताना मोठी ठिणगी पडली तर मीटर जोडू नका, त्याचा फ्यूज जाईल. कटआऊटचे पॉइंट चिकटून बॅटरी डायनामोमध्ये रिकामी होत असण्याची शक्यता आहे. त्या अवस्थेत बॅटरी दिवसांत नाही, तासांत झोपते आणि डायनामो उभ्या गाडीत कोमट लागतो.

मग अल्टरनेटर? तो वाईट नाही. मुंबईच्या रहदारीत तासन्‌तास आयडलवर, हॅलोजन बल्ब, वायपर, पंखा असा वापर असेल तर साधारण वीस-बावीस अँपिअरचा डायनामो अपुरा पडतो: इग्निशन ३, हेडलाइट ९, बाकी दिवे अडीच, वायपर ३ आणि वर रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा लावला असेल तर ८, झाले साडेपंचवीस. रविवारी सकाळी फिरवायची गाडी असेल तर डायनामोला अजिबात त्रास नाही आणि मूळपणाही राहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्यानंतर डायनामो भरून देणारे हात कमी होत चाललेत हा मुद्दा मात्र अल्टरनेटरच्या बाजूचा आहे. टाकलाच तर चार्जिंगची जुनी वायर तशीच ठेवू नका, किमान ६ चौरस मिलिमीटरची नवी ओढा. आणि लाल दिव्याचा बल्ब चांगला ठेवा: डायनामो बल्ब उडाला तरी चार्ज करतो, पण बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट या बल्बमधूनच मिळतो. चावीची वाट दुरुस्त न करता अल्टरनेटर टाकलात, तर नव्या अल्टरनेटरवरही दिवा मंद पेटेल आणि गाडी त्याच सिग्नलला बंद पडेल. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचंही तेच.

स्विच झिजलेला निघाला आणि चांगला मिळत नसेल तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हा सरळ उपाय आहे. चावीची जुनी वायर फक्त रिलेच्या कॉइलला (टर्मिनल ८६, तर ८५ अर्थला), बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून २.५ चौरस मिलिमीटरची वायर ३० ला, आणि ८७ वरून इग्निशन कॉइलला. फ्यूज गाडीत जादाचा ठेवा. यात एक खोड आहे जी पुष्कळांना चक्रावते: चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही. कारण डायनामोचं व्होल्टेज लाल दिव्यातून उलटं येऊन रिलेला धरून ठेवतं. रिलेला सुटण्यासाठी व्होल्टेज फार खाली यावं लागतं. दिव्याच्या वायरमध्ये १एन४००७ हा साधा डायोड घाला, पट्ट्याची बाजू डायनामोकडे. मग चावीकडून डायनामोकडे करंट जाईल, उलटा येणार नाही.

पहिल्या फेरीत चारच आकडे घ्या आणि कळवा: उभ्या बॅटरीचं व्होल्टेज, सेल्फ मारताना निगेटिव्ह खुंटी ते ब्लॉक, पॉझिटिव्ह खुंटी ते कॉइल, आणि कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलपासून अर्थ. शेवटचे दोन गाडी तासभर चालवून, गरम असतानाच मोजा.